हरणाऱ्या संघाच्या गावी

डेट्रॉइटहून उत्तरेकडे मोटार हाकत राहिलं की चार-साडेचार तासांनी मिशिगन संपतं आणि पाणी लागतं. पाण्यापलीकडे पुन्हा मिशिगनच. राज्याच्या या दोन तुकड्यांना जोडणारा मॅकिनॉ पूल १९५७ साली झाला. त्याआधी पलीकडे जायचं तर फेरीबोट, आणि हरणाच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की बोटीसाठी मोटारींची मैलोगणती रांग. झुलत्या पुलाची सगळी लांबी पाच मैलांची. त्याच्या आतल्या मार्गिका पोलादी जाळीच्या आहेत. चाकांखालून दोनशे फुटांवरचं निळं पाणी दिसतं आणि जाळी एका सुरात घोंघावते. पलीकडची माणसं स्वतःला अभिमानानं ‘यूपर’ म्हणवतात आणि आम्हा दक्षिणेकडच्यांना ‘ट्रोल’ म्हणतात, कारण परीकथेतला तो राक्षस पुलाखाली राहतो.

हा अप्पर पेनिन्सुला, म्हणजे बोलण्यातला यूपी, मिशिगनच्या पदरात पडला तो जरा नाइलाजानंच. टोलेडोच्या पट्ट्यावरून ओहायोशी भांडण जुंपलेलं होतं. राज्याचा दर्जा हवा तर तो पट्टा सोडा, त्याच्या बदल्यात हे उत्तरेचं जंगल घ्या, असं वॉशिंग्टननं सांगितलं आणि १८३७ मध्ये मिशिगन राज्य झालं. लोक चडफडले. काही वर्षांतच त्या जंगलात तांबं सापडलं, मग लोखंड, आणि पांढऱ्या पाइनचं लाकूड तर डोळ्यांसमोर उभंच होतं. आज क्षेत्रफळानं हा प्रदेश आपल्या अख्ख्या कोकणाहून मोठा आहे आणि वस्ती तीन लाखांच्या आसपास.

एवढ्या वस्तीत तीन कॉलेजं पहिल्या श्रेणीची आईस हॉकी खेळतात. सू सेंट मेरीचं लेक सुपीरियर स्टेट, मार्केटचं नॉर्दर्न मिशिगन आणि होटनचं मिशिगन टेक. बाकी सगळ्या खेळांत ही कॉलेजं दुसऱ्या श्रेणीत. हॉकीत मात्र पन्नास हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठांशी बरोबरीनं झुंजतात. तिघांची मिळून सात राष्ट्रीय अजिंक्यपदं आहेत. माझा संघ नॉर्दर्न मिशिगन. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका कामासाठी माझी मार्केटजवळच्या लोखंडाच्या खाणीवर रवानगी झाली होती. त्या हिवाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. तेव्हा लागलेला नाद सुटला नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुद्दाम निघालो, कारण संघ पार विस्कटला होता. आधीचे प्रशिक्षक ग्रँट पोटुल्नी व्यावसायिक हॉकीत हार्टफर्डला गेले आणि त्यांच्यामागोमाग खेळाडूही पांगले. नव्या यादीत ओळखीचं नाव हुडकावं लागत होतं. नवे प्रशिक्षक डेव्ह शायॅक हे याच कॉलेजचे, १९९१ च्या विजेत्या संघातले. हरणार हे ठाऊक होतं. कसे हरतात, ते बघायचं होतं.

सरळ मार्केट गाठण्याऐवजी मी आधी पूर्वेला सूकडे वळलो. सुपीरियर सरोवराचं पाणी इथं सेंट मेरी नदीतून ह्युरॉन सरोवरात उतरतं आणि वाटेत एकवीस फूट खाली येतं. या धावत्या पाण्यात ओजिब्वे लोक पिढ्यान् पिढ्या व्हाइटफिश पकडत. गोऱ्यांना मात्र तिथं अडथळा दिसला. खनिज बोटीतून उतरवायचं, गाड्यांवर लादून मैलभर न्यायचं आणि पुन्हा दुसऱ्या बोटीत भरायचं. शेवटी १८५५ मध्ये इथं कालवा आणि जलपाश झाले. ते काम उभं करणारा चार्ल्स हार्वी हा विशीतला पोरगा, मूळ धंदा तराजू-काटे विकण्याचा. आज हजार फुटांची जहाजं पो लॉकमध्ये शिरतात. दोन्ही बाजूंना हातभर जागा उरते, दार बंद होतं, आणि पंपाशिवाय नुसत्या उतारानं पाणी आत येऊन किंवा बाहेर जाऊन अख्खं जहाज उचललं किंवा उतरवलं जातं. त्यासाठी जहाजांना पैसे पडत नाहीत. कठड्याशी उभं राहिलं की डेकवरच्या माणसाला हाक मारता येते.

लेक सुपीरियर स्टेटचं हॉकीचं सभागृह टॅफी एबल यांच्या नावाचं आहे. एबल याच गावचे, आईकडून ओजिब्वे. १९२४ च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा झेंडा त्यांच्या हातात होता आणि पुढे ते एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळले. आपलं मूळ त्यांनी बहुतेक आयुष्यभर झाकून ठेवलं, कारण तसं केल्याशिवाय त्या काळी दार उघडत नसे. या कॉलेजानं १९८८, १९९२ आणि १९९४ अशी तीन विजेतेपदं मिळवली. मोठ्या कॉलेजांना न दिसलेली कॅनडातली पोरं हेरायची, चार वर्षं एकत्र मुरू द्यायची आणि चौथ्या वर्षी सगळ्यांना धूळ चारायची, ही त्या काळची यूपीची रीत. तिला वेळ लागायचा आणि वेळ मिळायचाही.

सूहून पश्चिमेला एम-२८ रस्ता. सेनी ते शिंगलटन हा त्यातला पंचवीस मैलांचा तुकडा आखणीपट्टीनं ओढल्यासारखा सरळ आहे. दोन्हीकडे दलदल, खुरटी झाडं, एखादा करकोचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेनी हे लाकूडतोड्यांचं धमाल गाव होतं, दारूचे गुत्ते आणि मारामाऱ्यांसाठी गाजलेलं. पाइन संपला तसं गावही ओसरलं. १९१९ मध्ये तरुण हेमिंग्वे इथं मासे पकडायला आला आणि पुढे त्यानं आपल्या एका कथेतलं जळकं गाव इथंच वसवलं. आता एक पेट्रोलपंप, दोन-चार घरं. उत्तरेला किंग्स्टन प्लेन्सवर तोडलेल्या पाइनचे बुंधे शंभराहून अधिक वर्षांनीही मैदानभर उभे आहेत. आगींनी माती इतकी जाळली की नवं जंगल नीट धरलंच नाही.

पुढे म्युनिसिंगपासून सुपीरियर उजव्या हाताला येतं आणि मार्केटपर्यंत सोबत करतं. जगातलं सगळ्यात विस्तीर्ण गोडं पाणी, खोली काही ठिकाणी चारशे मीटरच्या वर. ऑक्टोबरात मेपल लाल आणि बर्च पिवळे झालेले असतात आणि वाऱ्याला बर्फाची चाहूल असते. सरोवर गोठत नाही तोवर त्याच्यावरून येणारी थंड हवा ओल उचलते आणि किनाऱ्यावर बर्फ म्हणून ओतते. मार्केटच्या मागच्या चढावर मोसमात दोनशे इंचांच्या आसपास बर्फ पडतो. इथल्या घरांत छपराएवढ्याच काळजीनं निवडलेली दुसरी गोष्ट म्हणजे स्नोब्लोअर.

मार्केट वीस हजार वस्तीचं, चढउताराचं, तांबूस वालुकाश्माच्या इमारतींचं गाव. खालच्या बंदरात खनिज लादण्याचा एक अजस्र धक्का उभा आहे, १९७१ पासून रिकामा. पाडायचा खर्च नको म्हणून राहिला आणि आता गावाच्या प्रत्येक छायाचित्रात तोच असतो. वरच्या बंदरातला, १९१२ चा धक्का अजून चालू आहे. टिल्डन खाणीतून आगगाडीनं आलेल्या लोखंडाच्या बोराएवढ्या गोळ्या धक्क्यावरच्या कप्प्यांत पडतात. खाली जहाज लागलं की कप्प्यांच्या लांब पन्हळी एकेक करून डेकवर झुकवतात आणि गोळ्या गडगडत पोटात जातात. लाल धूळ उडते. जहाज बसत जातं तशी पाण्याची रेघ त्याच्या अंगावर वर चढते. डेट्रॉइटच्या मोटारधंद्यात आयुष्य काढलेल्या माणसानं एकदा तरी हे बघावं.

शुक्रवारी संध्याकाळी बेरी इव्हेंट्स सेंटर. १९९९ मध्ये हे उघडलं तेव्हा आत ऑलिंपिक मापाचा बर्फ घातला होता, दोनशे फूट लांब आणि शंभर फूट रुंद. व्यावसायिक हॉकीचा बर्फ याहून पंधरा फूट अरुंद असतो. रुंद बर्फावर धावणाऱ्या, एकमेकांना ओळखणाऱ्या संघाची चंगळ होते. एकमेकांना न ओळखणाऱ्या संघाची काय गत होते, ते आता दिसणार होतं.

हॉकी म्हटलं की आपल्याला खडकी आणि धनराज पिल्ले आठवतात, तेव्हा थोडं सांगायला हवं. इथं गोलरक्षक धरून सहा जण, चेंडूऐवजी रबराची चकती म्हणजे पक, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. इतक्या वेगानं कुणी मिनिटभराहून जास्त खेळूच शकत नाही, म्हणून तिघा आघाडीवाल्यांची एक ‘लाइन’ पाऊण मिनिटात बाहेर येते आणि दुसरी कठड्यावरून उडी मारून आत जाते, खेळ चालू असताना. एकाच प्रतिस्पर्ध्याशी शुक्रवार आणि शनिवार असे लागोपाठ दोन सामने. आणखी एक गोष्ट नवख्याला चकित करते: पहिल्या वर्षाची ‘पोरं’ वीस-एकवीस वर्षांची असतात. बारावीनंतर दोन-तीन वर्षं ती कुठल्या तरी दूरच्या गावात अनोळखी कुटुंबाकडे राहून ज्युनियर हॉकी खेळतात आणि मग कॉलेजात येतात. म्हणजे घर सोडायची सवय आधीच झालेली असते.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. पाय होते पोरांना. मग प्रतिस्पर्ध्याचा एक गडी पेनल्टीत बसला आणि आमचा पॉवर प्ले सुरू झाला. पाच विरुद्ध चार, दोन मिनिटं. मुरलेला संघ इथं सामना हातात घेतो. आमच्या उजव्या बाजूच्या बचावपटूनं मान वर न करता, सवयीनं, डावीकडे सुंदर पास दिला. तिथं कुणीच नव्हतं. त्याच्या आधीच्या संघात तिथं कुणीतरी उभं राहत असणार. पक निवांत घरंगळत निळ्या रेघेबाहेर गेला आणि पाचही जण तो परत आणायला वळले. दोन मिनिटांत हे तीनदा झालं.

पहिला गोल खाल्ला तो असाच. पक कोपऱ्यात गेला, दोन्ही बचावपटू त्याच्यामागे धावले, प्रत्येकाला वाटलं की दुसरा जाळीसमोर थांबलाय. जाळीसमोर उभा होता तो पाहुण्यांचा सेंटर, एकटा, काठी टेकून. गोलरक्षकानं मागं वळून जाळीतून पक काढला आणि कुणाकडेच पाहिलं नाही. ते मला आवडलं. पोरगा समजूतदार दिसला.

माझ्या शेजारी एक सत्तरीच्या बाई होत्या. हिरवा स्वेटर, मांडीवर खेळाडूंची यादी, हातात पेन्सिल. प्रत्येक नव्या नावापुढे त्या गाव लिहीत होत्या आणि आडनावाचा उच्चार फोडून. स्लोव्हाक असो, स्वीडिश असो, निवेदक नाव घ्यायचा तेव्हा त्या कान टवकारायच्या आणि खूण करायच्या. मी विचारलं, दरवर्षी करता का हे? म्हणाल्या, “पूर्वी चार वर्षांनी एकदा पुरायचं.”

दुसऱ्या भागात आमचे दोन गडी एकदमच पेनल्टीत गेले. तीन विरुद्ध पाच. तेव्हा एक किरकोळ बांध्याचा मुलगा निळ्या रेघेवरून येणाऱ्या फटक्यासमोर आडवा झाला. पक पोटरीवर बसला. उठतो न उठतो तोच दुसरा फटका, हा पुन्हा आडवा. मग लंगडत, एका पायावर घसरत पक कसाबसा बाहेर ढकलला आणि बाकाकडे गेला. पाटीवर आम्ही मागे होतो, आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. बाईंनी यादीत त्याच्या नावाखाली रेघ ओढली.

मध्यंतरात मी त्यांना विचारलं, गेलेल्या पोरांचा राग येत नाही? त्या हसल्या. त्यांचे यजमान एम्पायर खाणीत ट्रक चालवायचे. ती खाण २०१६ मध्ये बंद झाली. “माझी स्वतःची तिन्ही मुलं गेलीच की. ग्रीन बे, मिनियापोलिस आणि तुमचं डेट्रॉइट. त्यांच्यावर रागावले नाही, तर या परक्या पोरांवर कशाला रागावू?” मला कोकणातल्या आमच्या आजोळची, शिमग्याला चाकरमान्यांची वाट बघणारी घरं आठवली. तिथंही गेलेल्यांना कुणी बोल लावत नाही. आलेल्यांसाठी जास्तीचा भात मात्र टाकतात.

संघ असा एका उन्हाळ्यात रिकामा होतो, त्यामागची यंत्रणा थोडी नवी आहे. २०१८ मध्ये एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेनं ‘ट्रान्स्फर पोर्टल’ सुरू केलं: खेळाडूनं नाव नोंदवलं की दुसऱ्या कॉलेजांना त्याच्याशी बोलता येतं. तरी कॉलेज बदललं की हॉकीत एक वर्ष बाहेर बसावं लागे, हा लगाम होता. २०२१ मध्ये एका बदलीपुरता तो सुटला आणि २०२४ च्या वसंतात, अभ्यास नीट असेल तर, कितीही बदल्या करायची मोकळीक मिळाली. त्याच काळात खेळाडूंना आपल्या नावाचे पैसे घेण्याची मुभा आली. तेव्हापासून यूपीतलं कॉलेज एखाद्या दुर्लक्षित पोराला दोन वर्षं घडवतं आणि तो नजरेत भरला की मोठं विद्यापीठ त्याला उचलतं.

याबद्दल सभागृहाच्या मार्गिकांतून बरीच कुरकुर ऐकू आली, आणि मला ती पूर्णपणे पटत नाही. प्रशिक्षक दुसरीकडे गेला तर त्याला बढती म्हणतात. त्याला कुणी वर्षभर बाहेर बसवलं नव्हतं. मग विशीतल्या मुलानंच निष्ठा का दाखवायची? शायॅकही वेस्टर्न मिशिगनची नोकरी सोडूनच इकडे आले. त्यांनी सोडलेला तो संघ पुढच्याच एप्रिलमध्ये बॉस्टन युनिव्हर्सिटीला ६-२ नं हरवून राष्ट्रीय विजेता झाला. नशिबाची गंमत अशी की त्याच मोसमाच्या अखेरीस आमचा नॉर्दर्न आपल्या गटात तळाला होता आणि जिंकलेले सामने हातांच्या बोटांवर मोजता येत होते.

नॉर्दर्नची हॉकी १९७६ मध्ये रिक कॉम्ली यांनी शून्यातून उभी केली आणि चारच वर्षांत संघ राष्ट्रीय अंतिम फेरीत होता. ३० मार्च १९९१ चा सामना इथल्या लोकांना तोंडपाठ आहे. सेंट पॉलमध्ये बॉस्टन युनिव्हर्सिटीविरुद्ध ०-३ नं मागे, तिथून ७-४ नं पुढे, मग ७-७, आणि तिसऱ्या जादा भागात डॅरिल प्लँडोव्स्कीचा गोल. ८-७. अलीकडे २०२३ मध्येही सीसीएचए गटाचा अंतिम सामना मिनेसोटा स्टेटविरुद्ध जादा वेळेत २-३ असा निसटला. एक पक इकडचा तिकडे झाला असता तर २०१० नंतर प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली असती, आणि कदाचित पोरं थांबलीही असती. कदाचित.

शनिवारी शायॅकनी बचावाच्या जोड्या बदलल्या. खेळ साधा झाला. शोभेचे पास बंद. पक काचेवरून बाहेर काढा, धावत जा, कोपऱ्यात धडका. फेसऑफला, म्हणजे पंच दोघांमध्ये पक टाकतो तेव्हा, आमची काठी आदल्या रात्रीपेक्षा लवकर पडत होती. तिसऱ्या लाइनीतल्या तिघांनी दोनदा प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच भागात मिनिटभर कोंडून ठेवलं, गोल न करता. पण तिघांपैकी एकानंही दुसरा कुठं आहे हे शोधायला मान वळवली नाही. मोसमाच्या सुरुवातीला मी गोलांपेक्षा हेच मोजतो. निकाल दोन्ही दिवस आमच्या विरोधातच गेला. सुटताना शेजारच्या बाई म्हणाल्या, “नोव्हेंबरात बघा.” नोव्हेंबरात काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

रविवारी सकाळी पश्चिमेकडे निघालो. निगॉनी आणि इश्पेमिंग ही जुळी खाणगावं मार्केटपासून अर्ध्या तासाच्या आत. सप्टेंबर १८४४ मध्ये विल्यम बर्ट नावाचा भूमापक निगॉनीजवळच्या टील लेकपाशी पोचला आणि त्याच्या होकायंत्राची सुई भरकटली. खाली लोखंड होतं. पुढच्या वर्षी ओजिब्वे प्रमुख मार्जी गेझिक यांनी जॅक्सन कंपनीच्या लोकांना खनिजाची जागा दाखवली. मोबदल्यात हिस्सा द्यायचं लेखी कबूल झालं. हिस्सा मिळाला नाही. त्यांची मुलगी शार्लट काबॉगम कोर्टात गेली आणि १८८९ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयानं, ओजिब्वे रिवाजानं झालेली लग्नं ग्राह्य धरून, वारसांच्या बाजूनं निकाल दिला. याच इश्पेमिंगच्या जॉन व्होल्कर या न्यायाधीशांनी त्या खटल्यावर कादंबरी लिहिली. पण त्यांचं नाव झालं ते ‘अॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’मुळे, ज्याचा चित्रपट १९५९ मध्ये इथंच, मार्केटच्या कोर्टात चित्रित झाला.

जुन्या खाणींनी जमीन इतकी पोखरली की निगॉनीतल्या काही वस्त्या खचण्याच्या भीतीनं उठवाव्या लागल्या. गवतातून पायऱ्या वर चढतात आणि वर घर नाही. जवळच्या बार्न्स-हेकर खाणीत १९२६ मध्ये वरचं तळं आत घुसलं, ५१ माणसं गेली, एक शिडीवरून धावत वर आला. खाण पुन्हा उघडली नाही.

वाटेत पास्टी खाल्ली. बटाटा, कांदा, रुटाबेगा नावाचा पिवळा सलगम आणि मांस कणकेच्या जाड पारीत दुमडून भाजायचं. मांस न खाणाऱ्यांसाठी भाज्यांची. कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांनी ही आणली, खाणीत डब्याऐवजी खिशातून न्यायला सोपी म्हणून. मागून आलेल्या फिनिश लोकांनी ती इतकी आपलीशी केली की आता पुष्कळांना ती फिनलंडचीच वाटते. सौना मात्र खरंच त्यांचा. पास्टीवर केचप घ्यायचा की ग्रेव्ही, यावरून इथं घराघरांत तट आहेत.

होटनला भाचा भेटला. पुण्याहून अभियांत्रिकी करून तो मिशिगन टेकला एम.एस. करायला आला. खाणकामाची शाळा म्हणून १८८५ मध्ये निघालेल्या या कॉलेजात आज महाराष्ट्रातली बरीच मुलं भेटतात. दुकानात अचानक “अरे, दूध संपलंय” असं कानावर पडतं. पहिल्या हिवाळ्यात तो रडकुंडीला आला होता. आता पट्ट्यापट्ट्यांचे ओव्हरऑल घातलेल्या टेकच्या बँडमागे उभा राहून घसा फोडतो आणि नॉर्दर्न हा त्याचा वंशपरंपरागत शत्रू झालाय. टेकची विजेतेपदं १९६२, १९६५, १९७५, तिन्ही जॉन मॅकिनिस यांच्या हाताखाली. भाच्याला ती साल-तारखेसह पाठ.

“मामा, तुमच्या टीमचं यंदा काही खरं नाही.”

“पोर्टलनं खाल्लं रे.”

“पोर्टल सगळ्यांनाच आहे.” हे बरोबर होतं, म्हणून मी विषय बदलला.

कालव्यावरचा उचलता पूल ओलांडून आम्ही क्विन्सी खाणीवर गेलो. इथलं तांबं शुद्ध रूपात, खडकात गुंतलेलं सापडे. हातात धरावं असं. क्विन्सीची विहीर तिरकी नऊ हजार फुटांच्याही पुढे गेली होती आणि तिच्यातून खनिज ओढणारं वाफेचं यंत्र जगातलं सगळ्यात मोठं. पुढे कॅल्युमेट. १९१३ च्या उन्हाळ्यात इथं कामगारांचा मोठा संप सुरू झाला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी इटालियन हॉलमध्ये संपकऱ्यांच्या मुलांसाठी कार्यक्रम होता, कुणीतरी “आग!” ओरडलं, जिन्यात चेंगराचेंगरी झाली आणि ७३ जण मेले, बहुतेक मुलं. आग नव्हतीच. ओरडणारा कोण, ते कधी ठरलं नाही. इमारत १९८४ मध्ये पाडली. दाराची कमान तेवढी उभी आहे. त्याच १९१३ सालचं, तिथून चालत जाण्याच्या अंतरावरचं कॅल्युमेट कोलोसियम हे बर्फाचं सभागृह मात्र आजही वापरात आहे. आम्ही गेलो तेव्हा सात-आठ वर्षांची पोरं गुडघ्यांपर्यंतच्या जर्सीत धडपडत होती आणि कठड्याशी आया कॉफी पीत होत्या.

होटनच्या डी स्टेडियममधल्या प्रदर्शनात मला या सगळ्या प्रवासातला मोठा धक्का बसला. जॅक गिब्सन हा ऑन्टारिओतला हॉकीपटू. सामना जिंकल्याबद्दल सोन्याची नाणी घेतली म्हणून १८९८ मध्ये तिकडच्या संघटनेनं त्याच्या संघाला हाकललं. पुढे तो दातांचा डॉक्टर झाला, होटनला दवाखाना थाटला आणि तांब्याच्या पैशावर पोर्टेज लेक्स नावाचा संघ उभा केला. १९०४ मध्ये होटन, कॅल्युमेट, दोन्ही काठांवरच्या सू आणि पिट्सबर्ग यांची मिळून पगारी हॉकीची जगातली पहिली लीग सुरू झाली. कॅनडातले नावाजलेले खेळाडू, अगदी सायक्लोन टेलरसारखा, पैसे मोजून या खाणगावांत आणले गेले. तिकडच्या गावांनी तेव्हा शिव्याशाप दिले: आम्ही घडवायचं आणि यांनी पळवायचं. मग कॅनडानंही उघडपणे पैसे द्यायला सुरुवात केली, खेळाडू परत फिरले आणि १९०७ मध्ये लीग मिटली. म्हणजे शुक्रवारी रात्री मार्केटच्या मार्गिकेत मी जी कुरकुर ऐकली, ती सव्वाशे वर्षांपूर्वी यूपीच्याच नावानं कॅनडात चालली होती.

भाच्याला हे दाखवलं. तो म्हणाला, “मग तुम्हीच सुरुवात केलीत की!”

“मी नाही. तुझ्या होटननं.”

नॉर्दर्न आणि टेक त्या मोसमात समोरासमोर येतील त्या शनिवारी मार्केटला भेटायचं ठरलं. हरेल त्यानं पास्टी द्यायची. केचप की ग्रेव्ही, हे जिंकणारा सांगेल.